ग्रामपंचायतीने हवामान बदलाचा आराखडा कसा करावा

हवामान बदलासाठी आराखडा करा, असे एखाद्या ग्रामपंचायतीला सांगितले की पहिला प्रश्न निधीचा येतो आणि दुसरा मनुष्यबळाचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांच्या मुळाशी एक समजूत असते, ती अशी की हा आराखडा नेहमीच्या कामांपासून वेगळा, जाड बांधणीच्या अहवालाच्या रूपात आणि शक्यतो एखाद्या सल्लागार संस्थेकडून करून घ्यावयाचा असतो. असे अहवाल महाराष्ट्रात कमी नाहीत, आणि त्यांतील काहींमध्ये दुसऱ्याच तालुक्याचे नाव पुसायचे राहून गेलेले असते. गावाला उपयोगी पडणारा आराखडा वेगळा असतो: ग्रामपंचायत दरवर्षी करतेच त्या विकास आराखड्यातील कोणती कामे बदलायची, कोणती आधी घ्यायची आणि संकटाच्या दिवशी कोणी काय करायचे, एवढेच त्यात लिहिलेले असते. पुढील मांडणी महाराष्ट्रातील ग्रामपंचायत डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. लहान नगरपरिषदांनाही तिचा बराचसा भाग लागू पडेल.

अधिकार आहे का, ही शंका आधी दूर करावी. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत आणि त्यांत लघुपाटबंधारे, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, पिण्याचे पाणी व अपारंपरिक ऊर्जा यांचा समावेश आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाच्या देखरेखीखाली स्थानिक प्राधिकरणांनीही स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करावयाचा असतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी ठरवून दिलेल्या नऊ संकल्पनांमध्ये ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ या दोन संकल्पना आहेतच. म्हणजे चौकट तयार आहे. तिच्यात आपल्या गावाची माहिती भरायची आहे.

माणसे आणि दप्तर

नवी समिती नेमू नये. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर का होईना असते आणि बहुतेक ठिकाणी आपत्ती व्यवस्थापनाचीही समिती असते. आणखी एक समिती नेमली की तीच माणसे आणखी एका रजिस्टरवर सह्या करतात. त्याऐवजी सहा-सात जणांचा कामचलाऊ गट करावा. त्यात सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक), तलाठी, कृषी सहायक, आशा, पोलीस पाटील आणि नळपाणी योजनेवर पंप चालवणारा कर्मचारी असावा. शेवटच्या माणसाला बहुधा बोलावले जात नाही. परंतु विहिरीची पातळी कोणत्या महिन्यात किती उतरते आणि पंप किती तास चालवावा लागतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

गटाचे पहिले काम म्हणजे मागील वीस वर्षांची नोंदवही तयार करणे. त्यासाठी सर्वेक्षण लागत नाही, कारण माहिती वेगवेगळ्या दप्तरांत पडून असते. अतिवृष्टी, गारपीट व पुराचे पंचनामे तलाठी कार्यालयात असतात; टँकर कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वस्तीवर सुरू झाले ते पंचायत समितीत सापडते; पैसेवारी (म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज) तहसील कार्यालयात असते; उपकेंद्रात हगवण, काविळ आणि तापाच्या साथींच्या नोंदी असतात. पावसासाठी महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राचे रोजचे आकडे घ्यावेत. ‘महावेध’ प्रकल्पातून अशी केंद्रे मंडळनिहाय उभी राहिल्याने आता जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबून राहण्याचे कारण उरलेले नाही. त्याआधीच्या वर्षांसाठी तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी वापरता येतात.

पावसाच्या आकड्यांकडे पाहताना वार्षिक बेरजेवर थांबू नये. दोन वर्षांची बेरीज सारखी असली तरी एका वर्षी तो पाऊस पन्नास दिवसांत आणि दुसऱ्या वर्षी तीस दिवसांत पडलेला असू शकतो, आणि शेतीच्या दृष्टीने ही दोन पूर्णपणे वेगळी वर्षे असतात. म्हणून प्रत्येक वर्षासमोर चार गोष्टी लिहाव्यात: एकूण पाऊस, पावसाचे दिवस (हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस धरतो), सर्वांत लांब खंड (पावसाविना सलग गेलेले दिवस) आणि एका दिवसात पडलेला सर्वाधिक पाऊस. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ चा होता. त्या वर्षी आपल्या मंडळात किती दिवसांचा खंड पडला आणि कोणत्या गट क्रमांकांतील सोयाबीन किंवा कापूस आधी वाळला, हे लिहिले की धोका नकाशावर दिसू लागतो.

नोंदवही झाल्यावर शिवारफेरी काढावी, आणि ती गावठाणापासून नव्हे तर सर्वांत दूरच्या वस्तीपासून सुरू करावी. गावनकाशाच्या मोठ्या प्रतीवर गट क्रमांकांसह पुराचे पाणी कुठवर येते, कोणती मोरी तुंबते, कोणत्या उतारावर भेगा आहेत, कोणत्या विहिरी फेब्रुवारीत आटतात आणि कोणती घरे पत्र्याची आहेत, ते रंगाने दाखवावे. नदीकाठच्या गावांत २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या खुणा भिंतींवर अजून दिसतात. त्या जमिनीपासून मोजून आकडा लिहावा. या फेरीनंतर, ग्रामसभेच्या आधी, वॉर्डसभा आणि महिला सभा घ्याव्यात. मुख्य ग्रामसभेत बोलणारी माणसे ठरलेली असतात आणि दुपारी रानात राबणारी, हंडा घेऊन जाणारी किंवा ऊसतोडीसाठी सहा महिने बाहेर असणारी कुटुंबे तिथे बोलत नाहीत. ऊसतोड कुटुंबांसाठी तर सभेची तारीखच त्यांच्या परतीनंतरची ठेवावी लागते.

पाण्याचा ताळेबंद

कोरडवाहू भागातील गावासाठी आराखड्याचा गाभा हाच आहे, म्हणून यावर सर्वाधिक वेळ द्यावा. हिवरे बाजार या गावाने पावसाचे पाणी मोजून त्यानुसार पिके ठरवण्याची पद्धत अनेक वर्षे चालवली आहे, आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावनिहाय ताळेबंद काढण्याची रीत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली गेली. मूळ हिशेब मात्र कोणत्याही ग्रामपंचायतीला कागदावर करता येतो.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी मिळते. समजा गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि त्या वर्षी ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावाच्या अंगावर ५०० कोटी लिटर पाणी पडले. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. परंतु त्यातील मोठा भाग बाष्पीभवनात आणि खरिपाच्या पिकांत जातो, काही वाहून जाते आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात प्रत्यक्ष मुरणारा वाटा साधारण एक-दशांशाच्या आसपास असतो. म्हणजे विहिरींतून वापरता येईल असे पाणी अंदाजे ५० कोटी लिटर.

आता खर्चाची बाजू. गावाची लोकसंख्या २,००० असेल आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतात. पाचशे मोठी जनावरे रोज ५० लिटरप्रमाणे धरल्यास आणखी एक कोटीच्या आत. म्हणजे माणसे आणि जनावरे मिळून पाच कोटी, आणि उरलेले ४५ कोटी रब्बीसाठी. गव्हाला हेक्टरी सुमारे ४५ लाख लिटर लागतात असे धरले तर १०० हेक्टर गहू होतो. हरभऱ्याला २२ ते २५ लाख लिटर धरले तर १८० ते २०० हेक्टर होतो. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटर किंवा त्याहून अधिक लागतात, त्यामुळे तो साडेबावीस हेक्टरांतच सगळे पाणी संपवतो. याच हिशेबाची दुसरी बाजू ग्रामसभेत आवर्जून वाचून दाखवावी: दोन हेक्टर ऊस जेवढे पाणी घेतो, तेवढ्यात अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी भागते.

हे आकडे ढोबळ आहेत. मुरणाऱ्या पाण्याचे प्रमाण खडकानुसार बदलते, आणि त्यातील काही पाणी ओढ्यातून निघून जाते, म्हणून ताळेबंदात पाचवा हिस्सा राखीव ठेवणे शहाणपणाचे. नेमके प्रमाण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून घ्यावे, आणि गावातील सहा ते आठ विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेअखेर मोजून हिशेब पडताळावा. दोन वर्षे असे केले की गावाचा स्वतःचा गुणक सापडतो आणि तो कोणत्याही पुस्तकातील आकड्यापेक्षा भरवशाचा असतो.

ताळेबंद ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे रब्बीची पेरणी ठरण्याच्या आधी, ग्रामसभेपुढे यायला हवा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी सोयीची आहे. डिसेंबरात मांडलेल्या ताळेबंदाचा उपयोग फक्त दप्तराला होतो. कोणी कोणते पीक घ्यावे, असा आदेश ग्रामपंचायत देऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. हिवरे बाजारात हे नियम चालले ते लोकसंमतीने, आणि ती संमती सार्वजनिक कामे दिसू लागल्यानंतर मिळाली. ग्रामपंचायतीच्या हाती थेट आहे ते पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचे रक्षण: सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर भूजल कायद्याचे बंधन आहे. ते वर्तुळ नकाशावर काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. अर्ज आल्यानंतर वाद घालण्यापेक्षा हे सोपे जाते.

कामांच्या यादीत नव्या बंधाऱ्यांआधी जुन्यांची दुरुस्ती घ्यावी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे (म्हणजे पाणी अडवण्यासाठी घालायच्या फळ्या) कुठे आहेत, किती कुजले आणि ते कोणी व कधी घालायचे, हा आराखड्यातील एक स्वतंत्र परिच्छेद असायला हवा. पूर्वी ऑक्टोबरच्या मध्याला बर्गे घातले की काम संपत असे. आता परतीचा पाऊस लांबतो आणि जोरात येतो, त्यामुळे बर्गे लवकर घातले तर काठची शेती खरवडून जाते आणि उशिरा घातले तर पाणी हातचे जाते. याला उपाय तारखेचा नाही, माणसाचा आहे. हवामान विभागाचा पाच दिवसांचा अंदाज पाहून बर्गे घालणारा आणि गरज पडल्यास रात्रीतून काढणारा नेमका कोण, त्याचे नाव आणि त्याचे मानधन ठरवून ठेवावे.

उन्हाळा

भारतात स्थानिक पातळीवर उष्णतेचा कृती आराखडा करण्याची वाट अहमदाबादने दाखवली. मे २०१० मध्ये तिथे तापमान ४६.८ अंशांवर गेले. नंतर त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांच्या मे महिन्याशी तुलना केली तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसले, तर उष्माघात म्हणून नोंद झालेले मृत्यू त्या मानाने फारच थोडे होते. २०१३ मध्ये महापालिकेने आराखडा लागू केला. त्यातून घेण्यासारखी मुख्य गोष्ट अशी की त्यात रंगानुसार इशारा आणि प्रत्येक रंगाला प्रत्येक विभागाचे काम आधीच लिहिलेले होते. आपल्याकडे नागपूरने २०१६ पासून हा मार्ग धरला.

गावाने शहराची नक्कल करण्याचे कारण नाही, परंतु तीन प्रश्नांची उत्तरे मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कागदावर हवीत. पहिला प्रश्न म्हणजे इशारा कोणी ऐकायचा आणि कोणाला सांगायचा. मैदानी भागात हवामान विभाग किमान ४० अंश तापमान आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ असेल तेव्हा उष्णतेची लाट मानतो. किनारपट्टीवर ही मर्यादा ३७ अंश आहे. कोकणातील ग्रामपंचायतींनी या फरकाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि आकडा कमी दिसला तरी शरीराला ताप तितकाच होतो. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या उघड्या मैदानावरील दुपारच्या सोहळ्यानंतर झालेल्या मृत्यूंनी हे दाखवून दिले. यात्रा, सामुदायिक विवाह आणि सभा यांच्या परवानगीपत्रात वेळ व सावलीची अट घालण्याचा ठराव ग्रामसभेने करून ठेवावा.

दुसरा प्रश्न: धोक्यात कोण आहे. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, पत्र्याच्या एका खोलीत राहणारी कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर आणि रोजगार हमीच्या कामावरील मंडळी यांची घरनिहाय यादी आशांकडे असावी, आणि नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी दुपारी यादीतील घरी कोणीतरी जाऊन यावे. रोजगार हमीच्या कामाची वेळ पहाटेची करणे, कामावर सावली व पाणी ठेवणे, उपकेंद्रात जलसंजीवनीचा साठा मार्चमध्येच मोजणे या गोष्टींना वेगळा निधी लागत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा आहे. दुपारी बारा ते चार उघडी राहणारी, पंखा आणि पाणी असलेली एक सार्वजनिक जागा प्रत्येक वस्तीत हवी. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग यांपैकी काहीही चालेल, फक्त ती सर्वांसाठी उघडी असेल हे ग्रामपंचायतीने पाहिले पाहिजे. कोणत्या वस्तीतील माणूस कोणत्या मंडपात बसू शकतो, हा प्रश्न आपल्या गावांत अजून संपलेला नाही. अंगणवाडी आणि शाळेच्या स्लॅबवर किंवा पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा थर देणे हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि ते दर उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा करावे लागते.

पूर, दरड आणि वीज

या संकटांत आराखड्याची परीक्षा काही तासांत होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली असताना वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. म्हणून इशारा पोहोचवण्याची साखळी मोबाइलशिवाय चालेल अशी असावी. ग्रामपंचायतीचा भोंगा, देवळाची घंटा किंवा मशिदीचा ध्वनिक्षेपक यांचा कोणता संकेत म्हणजे घर सोडायचे, हे आधी ठरलेले आणि पावसाळ्यापूर्वी एकदा वाजवून पाहिलेले असावे.

नदीकाठच्या गावाने वरच्या अंगाची पातळी आणि आपल्या गल्लीचा संबंध शोधून काढावा. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण ४१ फुटांना आपल्या गावातील कोणत्या घरात पाणी येते आणि त्याला किती तास लागतात, हे ज्याचे त्याने मागील पुरांच्या नोंदींवरून लिहून ठेवायचे असते. जिथे अशी अधिकृत पातळी नाही तिथे पुलाच्या खांबावर पिवळा, नारिंगी आणि लाल पट्टा रंगवावा. पट्ट्यांची उंची शिवारफेरीत मोजलेल्या खुणांवरून ठरते.

डोंगरउतारावरच्या वस्त्यांबाबत शासकीय यादीवर थांबू नये. आंबेगाव तालुक्यातील माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली, त्यानंतर धोकादायक गावांच्या याद्या झाल्या. तरीही १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील ज्या इर्शाळवाडीवर दरड आली ती त्या यादीत नव्हती. यादीत नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. उतारावर नव्या भेगा, कललेले खांब आणि झाडे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या ठिकाणी झरा फुटणे, दारे-खिडक्या अडकू लागणे या खुणा वस्तीतील प्रत्येकाला माहीत असाव्यात, आणि त्यांपैकी एखादी दिसली तर पंचनाम्याची वाट न पाहता रात्र दुसरीकडे काढण्याची सोय असावी. साधा पर्जन्यमापक वस्तीतच बसवावा. हवामान विभागाच्या वर्गीकरणात २४ तासांतील ११५.६ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या पुढचा ‘अत्यंत जोरदार’ धरला जातो. आपल्या वस्तीने कोणत्या आकड्याला हलायचे ते तालुका प्रशासन आणि भूवैज्ञानिकांशी बोलून आधी ठरवावे, कारण मध्यरात्री ठरवायला बसले की कोणीच हलत नाही.

स्थलांतराच्या पानावर बारीक गोष्टी लिहाव्यात: शाळेची किल्ली कोणाकडे, जनावरे कुठे बांधायची, डायलिसिसवरच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण उचलणार, कागदपत्रे कशात ठेवायची. माणसे जनावरांसाठी मागे थांबतात, त्यामुळे गोठ्याची पर्यायी जागा हा दुय्यम विषय नाही. मराठवाडा आणि विदर्भातील गावांनी आकाशातून कोसळणाऱ्या विजेचाही विचार स्वतंत्रपणे करावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, पण रानातल्या सालगड्याच्या फोनमध्ये ते नसेल तर सरपंचाच्या फोनमधील ॲपचा त्याला काय उपयोग?

पैसा

स्वतंत्र ‘हवामान निधी’ शोधत बसण्यापेक्षा हाती असलेल्या पैशाचा वापर बदलावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित (म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरता येणारा) ठेवला होता, त्यातील अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित होता. नव्या आयोगाच्या काळातील अटी शासन निर्णयावरून तपासून घ्याव्यात. मात्र पद्धत तीच राहते: स्रोत बळकटीकरण, छतावरील पाणी साठवण आणि शोषखड्डे बंधित निधीतून, तर भोंगा, पर्जन्यमापक, छतांना चुना अशी किरकोळ कामे अबंधित किंवा स्वनिधीतून. मृद व जलसंधारणाची मजुरीप्रधान कामे रोजगार हमीतून घ्यावीत.

याहून महत्त्वाचे म्हणजे मंजूर होतच असलेल्या कामांची रचना बदलणे. रस्त्याचे काम निघते तेव्हा त्यातील मोरी जुन्याच व्यासाच्या नळ्यांची टाकली जाते आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्ता बांध होऊन वरची वस्ती बुडते. अंदाजपत्रक तयार करणाऱ्या अभियंत्याला नोंदवहीतील सर्वाधिक दैनिक पावसाचा आकडा लेखी द्यावा आणि मोरीचा आकार त्यावरून मागावा. पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरील मोटार आणि स्टार्टर पुराच्या खुणेच्या वर बसवणे, अंगणवाडीचे छत करतानाच उष्णतारोधक करणे हीही तशीच कामे आहेत. खर्च थोडा वाढतो, आणि तो मागण्याची वेळ तांत्रिक मंजुरीच्या आधीची असते.

अर्थसंकल्पात प्रत्येक कामासमोर एक छोटा रकाना वाढवावा: हे काम पाण्याचा, उन्हाचा किंवा पुराचा धोका कमी करते, वाढवते की त्याचा संबंध नाही. ऑस्लो शहराने ‘हवामान अर्थसंकल्प’ प्रथम रूढ केला आणि २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर करणाऱ्या मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये तसा अहवाल काढला. ग्रामपंचायतीला अहवाल नको, रकाना पुरे. ‘वाढवते’ असे उत्तर आलेल्या कामांवर ग्रामसभेत चर्चा झाली तरी रकान्याचे सार्थक झाले.

उत्सर्जन

गावाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन शहराच्या तुलनेत अल्प असते, त्यामुळे यावर आराखड्याची दोन पानेही खर्च करू नयेत. तरी काही कामे स्वतःचा खर्च भरून काढतात. ग्रामपंचायतीच्या वीजबिलाचा मोठा भाग पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचा पंप यांचा असतो. एलईडी दिवे आणि सौर पंप यांनी तो उतरतो. उसाचे पाचट न जाळता कुजवणे, ओला कचरा खड्ड्यात न कोंबता त्याचे खत करणे यांतूनही फायदा होतो. केरळच्या वायनाडमधील मीनांगडी पंचायतीने २०१६ पासून कार्बनतटस्थ (म्हणजे जेवढा कार्बन सोडतो तेवढा शोषून घेणारी) होण्याचा कार्यक्रम घेतला आणि झाडे न तोडणाऱ्या शेतकऱ्याला झाडावर कर्ज देण्याची योजना आखली, ती अभ्यासण्याजोगी आहे. राज्य शासनाचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून पंचमहाभूतांच्या चौकटीत गुण देते आणि त्यातून बक्षिसाची रक्कमही मिळते. मात्र गुणांसाठी खड्डे खणून फोटो काढण्यापेक्षा मागच्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली ते मोजावे आणि तोच आकडा आराखड्यात लिहावा.

मंजुरी आणि आढावा

सर्व मजकूर पंधरा पानांत बसवावा, ग्रामसभेत वाचून मंजूर करावा आणि त्यातील कामे विकास आराखड्यासोबत ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढवावीत. तिथे नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा मिळत नाही. आपत्तीचा भाग तहसीलदारांकडे देऊन पोच घ्यावी, म्हणजे तालुक्याच्या आराखड्यात तो जोडला जातो. एका पानाचा फलक, ज्यावर वस्तीनिहाय जबाबदार माणसे, संकेत आणि आसऱ्याच्या जागा असतील, प्रत्येक वस्तीत लावावा.

आढाव्यासाठी वर्षाची वाट पाहू नये. प्रत्येक पूर, लाट किंवा टँकरच्या हंगामानंतर पंधरा दिवसांत गटाने तासभर बसून चार ओळी लिहाव्यात: इशारा किती वाजता मिळाला, शेवटच्या घरी किती वाजता पोहोचला, ठरलेल्यापैकी काय झाले नाही आणि त्याचे कारण काय. हे टिपण नोंदवहीत चिकटवावे आणि नोंदवही ग्रामपंचायतीच्या दप्तरात अनुक्रमांक देऊन ठेवावी, कोणाच्या घरी नव्हे, कारण पाच वर्षांनी सरपंच बदलतो, त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, आणि नव्या माणसाला पदभार देताना सोपवायच्या यादीत तिचे नाव असावे लागते.